चेहऱ्यावर जाऊ नका! पोकरमधील देहबोलीचे शास्त्र

पत्त्यांच्या खेळात नशिबाचा भाग किती आणि कौशल्याचा किती, हा वाद फार जुना आहे. पोकरच्या बाबतीत त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. समोर बसलेल्या माणसाच्या हातात काय आहे, हे त्याच्या वागण्यावरून ओळखता येते अशी या खेळाची ख्याती आहे. चित्रपटांनी ही ख्याती चांगलीच वाढवली. १९९८ मधील ‘राउंडर्स’ या चित्रपटात जॉन माल्कोविचने रंगवलेला रशियन जुगारी क्रीमचे बिस्किट कानाशी नेऊन उघडतो आणि ते खाण्याच्या त्याच्या पद्धतीवरून नायकाला त्याच्या हातातील पाने उमगतात. २००६ मधील ‘कसिनो रॉयल’मध्ये खलनायकाची अशीच एक लकब जेम्स बॉण्डच्या लक्षात येते, पुढे मात्र तीच लकब आमिष म्हणून वापरून खलनायक बॉण्डला गाळात घालतो.

पोकरच्या परिभाषेत अशा खुणेला ‘टेल’ म्हणतात. खेळाडूने न सांगता त्याच्या शरीराने सांगून टाकलेली गोष्ट, असा त्याचा अर्थ. या खुणा खरोखर असतात का, त्या कोठून येतात आणि त्यांच्यावर किती विसंबावे, हे प्रश्न पत्ते खेळणाऱ्यांपुरते राहिलेले नाहीत. मानसशास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे आणि त्या अभ्यासातून निघालेले निष्कर्ष नोकरीच्या मुलाखतीपासून न्यायालयातील साक्षीपर्यंत अनेक ठिकाणी विचार करायला लावणारे आहेत.

खेळ थोडक्यात

आपल्याकडे दिवाळीत किंवा लग्नघरी रंगणारी तीन पत्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पोकर समजायला वेळ लागू नये. आज जगभर सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या ‘टेक्सास होल्डेम’ या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. टेबलाच्या मध्यभागी पाच पाने सर्वांसाठी उघडली जातात. आधी तीन, मग एक आणि शेवटी आणखी एक. आपली दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून ज्याची पाच पानांची जुळणी सर्वांत वरची, तो जिंकतो. पाने वाटल्यावर आणि मधली पाने उघडताना प्रत्येक टप्प्यावर, असा चार वेळा डाव लावला जातो. डाव लावता येतो, दुसऱ्याच्या डावाची बरोबरी करता येते, तो वाढवता येतो किंवा पाने टाकून ‘पॅक’ होता येते.

खरी गंमत येथेच आहे. बाकीचे सगळे पॅक झाले, तर उरलेल्या एका खेळाडूला पाने दाखवावीच लागत नाहीत. म्हणजे हातात काहीही नसताना मोठा डाव लावून इतरांना पळवून लावता येते. यालाच ‘ब्लफ’ म्हणतात. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणिती खेळ-सिद्धांतावरील ग्रंथात पोकरला स्वतंत्र स्थान दिले आणि ब्लफ हा लहरीपणा नसून चांगल्या खेळाचा आवश्यक भाग आहे, हे गणिताने दाखवले. जो कधीच ब्लफ करत नाही, त्याने डाव लावताच इतर लोक पॅक होतील आणि चांगली पाने येऊनही त्याच्या पदरी फारसे पडणार नाही.

तेव्हा पोकर खेळणाऱ्यापुढे पुन्हा पुन्हा एकच प्रश्न उभा राहतो. समोरच्याने लावलेला डाव खरा की थाप? पैसे याच प्रश्नाच्या उत्तरावर येतात आणि जातात. साहजिकच, उत्तर शोधण्यासाठी माणूस समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागतो.

शरीर बोलते ते का?

भावना शरीरावर उमटतात ही गोष्ट कोणा पाश्चात्त्य पंडिताने शोधून काढण्याची आपल्याला गरज नव्हती. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. अंग ताठरणे, घाम येणे, आवाज बदलणे, कापरे भरणे, रंग उडणे या गोष्टी मन ढवळून निघाल्याखेरीज वठवणे कठीण, म्हणून त्यांचे वर्गीकरण हस्तमुद्रांसारख्या शिकवता येणाऱ्या आंगिक अभिनयापासून वेगळे केलेले आहे. चार्ल्स डार्विनने १८७२ मध्ये माणूस व प्राणी यांच्या भावाविष्कारावर लिहिलेल्या पुस्तकात याच विषयाकडे जीवशास्त्राच्या अंगाने पाहिले.

आज आपण त्याचे कारण असे सांगतो, की मोठ्या लाभाचा वा हानीचा क्षण आला की शरीरात अ‍ॅड्रिनलिन हे संप्रेरक पसरते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास बदलतो, बोटे थरथरतात, मानेवरची नाडी उडताना दिसते. यातील कोणतीच गोष्ट इच्छेने सहज थांबवता येत नाही. गॉगल, टोपी, गळाबंद स्वेटर असा जामानिमा करून पोकर खेळणारे दिसतात, त्याचे कारण हेच. डोळे आणि मान झाकली की निदान तेवढी दारे बंद होतात.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. शरीर उत्तेजना दाखवते, त्या उत्तेजनेचे कारण दाखवत नाही. उत्तम पाने आल्यानेही हृदय धडधडते आणि थाप पचेल की नाही या धास्तीनेही धडधडते. पोकरमधील बहुतेक चुकीचे अंदाज येथेच जन्म घेतात.

दुबळा तो सबळ, सबळ तो दुबळा

या विषयाची पद्धतशीर मांडणी प्रथम केली ती अमेरिकेतील माइक कॅरो यांनी. पोकरमधील देहबोलीवरचे त्यांचे पुस्तक १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजही या विषयावरील चर्चा त्याच पुस्तकापासून सुरू होते. कॅरो यांनी खुणांचे दोन गट केले. पहिला गट नकळत घडणाऱ्या गोष्टींचा आणि दुसरा जाणूनबुजून केलेल्या अभिनयाचा. अभिनयाच्या बाबतीत त्यांचा नियम सोपा आहे. ज्याची पाने चांगली, तो दुबळेपणाचे सोंग आणतो. ज्याची पाने वाईट, तो जोर दाखवतो. सुस्कारा टाकत, खांदे पाडत, ‘बघू या काय होते ते’ असे पुटपुटत कोणी मोठा डाव लावला, तर सावध व्हावे. खरोखर अडचणीत असलेला माणूस आपली अडचण अशी चव्हाट्यावर मांडत नाही.

या गटातील काही खुणा अशा आहेत :

* रोखून पाहणे. जो डाव लावून आपल्या डोळ्यांत डोळे घालून बसतो, तो अनेकदा थाप मारत असतो. ज्याची पाने पक्की आहेत, तो आपण बरोबरी करावी म्हणून दुसरीकडे बघत निरुपद्रवी बनतो.
* चिप्सकडे हात नेणे. आपण डाव लावणार तोच समोरचा घाईने आपल्या चिप्स उचलू लागला, तर बहुधा त्याला आपल्याला डाव लावण्यापासून परावृत्त करायचे असते.
* जोराने चिप्स टाकणे. आवश्यकतेपेक्षा अधिक आवेशाने टाकलेला डाव पुष्कळदा पोकळ असतो.

नकळत घडणाऱ्या खुणा याहून अधिक मोलाच्या मानल्या जातात, कारण त्यांत सोंग नसते :

* हात थरथरणे. नवखा माणूस याचा अर्थ भीती असा लावतो आणि फसतो. थाप मारणारा माणूस स्वतःला आवळून धरतो, हालचाल कमी करतो. याउलट फार चांगली पाने आली की साचलेला ताण सुटतो आणि हात कापू लागतो. एरवी शांत असलेल्या खेळाडूच्या हाताला अचानक कापरे भरले, तर पॅक होणे शहाणपणाचे.
* स्वतःच्या चिप्सकडे ओझरती नजर. मधली पाने उघडताच कोणाची दृष्टी क्षणभर स्वतःच्या चिप्सकडे गेली, तर ती पाने त्याला लाभली असावीत. किती लावावे याचा हिशेब मनात सुरू झालेला असतो.
* पानांकडे टक लावणे. उघडलेल्या पानांकडे जो बराच वेळ पाहत राहतो, त्याला तेथे हवे ते सापडलेले नसते. ज्याला सापडले, तो लगेच नजर वळवतो.
* श्वास आणि बोलणे. मोठा डाव लावून गप्प, निश्चल झालेला खेळाडू आणि तसाच डाव लावून सहज गप्पा मारणारा खेळाडू यांत दुसऱ्याची पाने चांगली असण्याचा संभव अधिक. धास्तावलेल्या माणसाला सहज बोलणे जमत नाही.

रोखून पाहण्याच्या खुणेमागे एक मौजेची गोष्ट आहे. खोटे बोलणारा माणूस नजर चुकवतो, ही समजूत जगभर आहे. संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ७५ देशांत याविषयी विचारणा केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत खोटेपणाची खूण म्हणून सर्वाधिक उत्तरे ‘नजर टाळणे’ हीच आली. प्रत्यक्ष प्रयोगांत मात्र नजर चुकवणे आणि खोटे बोलणे यांचा म्हणण्यासारखा संबंध आढळलेला नाही. पण ही समजूत थाप मारणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणून तो मुद्दाम नजरेला नजर भिडवतो आणि आपल्या अतिदक्षतेनेच पकडला जातो.

खूण कोणाची आणि केव्हाची?

वरची यादी पाठ करून कोणी टेबलावर बसला, तर तो जिंकेल असे नाही. उलट हरण्याची शक्यता जास्त. एखाद्याचा हात मुळातच थरथरत असेल, कोणी सातव्या कॉफीच्या अमलाखाली असेल, कोणी स्वभावतःच बडबड्या असेल. म्हणून जाणकार खेळाडू पहिला तास-दीड तास पाहण्यात घालवतो. पॅक झाल्यावर मोबाइलमध्ये डोके न घालता तो इतरांचे डाव बघतो. हा माणूस एरवी कसा बसतो, चिप्स कशा मोजतो, किती वेळ घेतो? आणि पाने उघडी पडल्यावर, मघाशी त्याने जे केले ते कोणत्या पानांवर केले? खुणेचे मोल या तुलनेत असते. सुटी खूण जवळपास निरर्थक.

२०१२ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिणाऱ्या झॅकरी एलवूड यांनी यात एक महत्त्वाची भर घातली. त्यांच्या मते खूण कोणत्या क्षणी दिसली, हे आधी पाहिले पाहिजे. डाव लावण्यापूर्वी, आपल्या पाळीची वाट पाहत असलेला खेळाडू आणि मोठा डाव लावून इतरांच्या निर्णयाची वाट पाहत असलेला खेळाडू यांची मनःस्थिती अगदी वेगळी असते. पाळीची वाट पाहताना केलेला आक्रमक आविर्भाव बहुधा कमकुवत पानांचा; पण डाव लावून झाल्यानंतरची मोकळी, सैल हालचाल बहुधा चांगल्या पानांची. दोन्ही प्रसंगांना एकच नियम लावणारा गोंधळात पडतो.

हिशेबाशिवाय खूण लंगडी

समजा, मध्ये ६,००० रुपये जमा आहेत आणि समोरच्याने ३,००० रुपयांचा डाव लावला. आपल्याला ३,००० घालून एकूण १२,००० च्या राशीसाठी खेळायचे आहे. म्हणजे चारपैकी एकदा जरी तो थाप मारत असेल, तरी आपले नुकसान नाही. २५ टक्के ही येथे सीमारेषा झाली.

आता असे धरू, की या खेळाडूचा आजवरचा खेळ पाहता असे १०० डाव त्याने लावले तर ७० खरे आणि ३० थापा असतात. तेव्हा बरोबरी करणे योग्य. पण त्याचा हात थरथरताना दिसला. समजा, खऱ्या डावांत तो १०० पैकी ४० वेळा थरथरतो आणि थापांत २० वेळा. मग ७० खऱ्या डावांपैकी २८ वेळा आणि ३० थापांपैकी ६ वेळा थरथर दिसेल. म्हणजे थरथर दिसलेल्या ३४ प्रसंगांत थापा फक्त ६, सुमारे १८ टक्के. सीमारेषा २५ ची. तेव्हा आता पॅक होणे योग्य. उलट थरथर दिसली नाही, तर उरलेल्या ६६ प्रसंगांत थापा २४, म्हणजे सुमारे ३६ टक्के. मग बरोबरी करावी.

हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्यक्षात ते कोणी हातात आणून देत नाही. पण त्यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, थरथर दिसल्यावरही सहा थापा शिल्लक राहतात. खूण म्हणजे खात्री नव्हे, तिने पारडे थोडे झुकते इतकेच. दुसरी, मूळ अंदाज सीमारेषेच्या आसपास असेल तरच खुणेने निर्णय बदलतो. जो माणूस शंभरात दोनदाच थाप मारतो, त्याच्या चेहऱ्यावर काहीही दिसले तरी त्याच्या डावापुढे पॅकच व्हावे. देहबोली ही ताटातली डावी बाजू आहे. तिने जेवणाला चव येते, पोट भरत नाही.

चेहरा फसवतो, हात सांगतात

आता संशोधनाकडे वळू. मायकेल स्लेपियन, भारतात जन्मलेल्या प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ नलिनी अंबाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००९ च्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या स्पर्धेतील खेळाडू डाव लावत असतानाच्या काही क्षणांच्या मूक चित्रफिती त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवल्या आणि पाने किती चांगली असतील, याचा अंदाज विचारला. काहींना खेळाडूचा सगळा वरचा भाग दाखवला, काहींना फक्त चेहरा, तर काहींना फक्त चिप्स पुढे सरकवणारे हात.

पूर्ण चित्र पाहणाऱ्यांचे अंदाज नाणे उडवून काढलेल्या उत्तरापेक्षा सरस ठरले नाहीत. फक्त चेहरा पाहणाऱ्यांचे अंदाज त्याहूनही वाईट निघाले, म्हणजे चेहऱ्याने त्यांची दिशाभूल केली. आणि फक्त हात पाहणाऱ्यांचे अंदाज मात्र नुसत्या नशिबाने जमतील त्यापेक्षा बरे होते. हाताची हालचाल जितकी सहज आणि अडखळल्याविना, तितकी पाने चांगली असण्याची शक्यता अधिक, असे पुढील चाचण्यांत दिसले. हा संबंध फार बळकट होता असे नाही. पण त्याचे कारण पटण्याजोगे आहे. व्यावसायिक खेळाडू वर्षानुवर्षे चेहऱ्याला तालीम देतो. हाताकडे त्याचे तितके लक्ष नसते. येथे सफाईदार हालचाल आणि मघाची थरथर यांत विसंगती वाटेल. तथापि, थरथर ही प्रामुख्याने हौशी, क्वचित मोठे डाव खेळणाऱ्यांची खूण आहे आणि हा अभ्यास होता कसलेल्या व्यावसायिकांचा. समोर कोण बसले आहे, यावर खुणेचा अर्थ ठरतो, हेच यातून पुन्हा दिसते.

चेहऱ्यावरून खोटेपणा ओळखण्याच्या सर्वसाधारण क्षमतेबद्दलचे चित्र याहून उत्साहवर्धक नाही. चार्ल्स बॉण्ड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत २४ हजारांहून अधिक लोकांनी खरे-खोटे ओळखण्याचा प्रयत्न केला होता. सरासरी यश होते ५४ टक्के. नुसते नाणे उडवले असते तर ५० मिळाले असते. त्याआधी, १९९१ मध्ये पॉल एकमन आणि मॉरीन ओ’सलिव्हन यांनी पोलीस, न्यायाधीश, मनोविकारतज्ज्ञ अशा व्यावसायिकांची परीक्षा घेतली, तेव्हा अमेरिकेच्या ‘सीक्रेट सर्व्हिस’चा अपवाद वगळता एकाही गटाला नशिबापेक्षा सरस कामगिरी करता आली नाही. शिवाय, आपल्याला ओळखता येते असा ज्यांना विश्वास होता, त्यांचे अंदाज इतरांपेक्षा बरोबर होते असेही नाही.

योग्य शंका, चुकीचा निर्णय

२००३ च्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेतील शेवटची झुंज या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवली जाते. एका बाजूला सॅम फारहा हे मुरलेले व्यावसायिक. दुसऱ्या बाजूला टेनेसी राज्यातील ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस, जो ८६ डॉलरची ऑनलाइन पात्रता फेरी जिंकून १० हजार डॉलर प्रवेशमूल्याच्या स्पर्धेत आला होता. ८३९ पैकी दोघेच उरले होते. एका डावात मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती होती. मधल्या पानांत इस्पिकची नव्वी, छक्की आणि अठ्ठी आल्याने त्याला एकरंगी किंवा क्रमवार पाने जुळण्याची आशा होती; शेवटचे पान बदामची तिर्री निघाले आणि दोन्ही आशा मावळल्या. हातात काही नसताना त्याने सगळ्या चिप्स पुढे केल्या. फारहाकडे नव्व्यांची जोडी होती, म्हणजे तो जिंकत होता.

फारहाने त्याला विचारले, की तुझी एकरंगी जुळणी हुकली ना? अंदाज तंतोतंत बरोबर होता. गॉगल आणि टोपी घातलेला मनीमेकर तोंडाशी हात धरून निश्चल बसून राहिला. बोलला नाही. बराच विचार करून फारहाने पाने टाकली. पुढे मनीमेकर ती स्पर्धा आणि २५ लाख डॉलर जिंकला.

कॅरो यांच्या नियमाने पाहिले, तर ती निश्चलता आणि ते मौन ही थाप असल्याचीच खूण होती. पण शंका येणे वेगळे आणि तिच्यावर स्पर्धेतील आपले स्थान पणाला लावणे वेगळे. त्यानंतर हौशी खेळाडूंचा ओघ असा वाढला, की २००६ मध्ये याच स्पर्धेत ८,७७३ आणि २०२४ मध्ये १०,११२ खेळाडू उतरले.

चेहरा नसलेले खेळाडू

देहबोलीशिवाय पोकर किती खेळता येते, याची उत्तरेही मिळाली आहेत. नॉर्वेच्या अ‍ॅनेट ओब्रेस्टाड हिने २००७ मध्ये १८० खेळाडूंची एक छोटी ऑनलाइन स्पर्धा स्वतःची पाने झाकून, एकच अपवाद वगळता न पाहता, जिंकून दाखवली. इतरांचे डाव लावण्याचे प्रमाण, वेळ आणि आपली बसण्याची जागा एवढ्यावर तिने खेळ केला. त्याच वर्षी लंडनमधील ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर युरोप’ची मुख्य स्पर्धाही तिने जिंकली. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणक प्रणालीने पिट्सबर्ग येथे १ लाख २० हजार डावांत चार व्यावसायिकांना हरवले. २०१९ मध्ये ‘प्लुरिबस’ने सहा जणांच्या टेबलावर तेच करून दाखवले. या यंत्रांना कोणाचा चेहरा दिसत नव्हता. कोणी कधी किती लावले, एवढेच त्यांच्यापुढे होते.

म्हणजे सर्वांत भरवशाची खूण म्हणजे डावच. आजवर लहान लहान लावणारा एकदम मोठे का लावतो आहे? तिसऱ्या पानापर्यंत स्वस्थ असलेला शेवटी का जागा झाला? त्याची ही गोष्ट सुरुवातीपासून जुळते का? हे प्रश्न आधी विचारावेत. चेहरा आणि हात यांची साक्ष त्यानंतर काढावी. स्वतःच्या बाबतीतही उपाय साधाच. प्रत्येक वेळी सारखाच वेळ घ्यावा, चिप्स सारख्याच रीतीने पुढे कराव्यात आणि डाव लावून झाल्यावर टेबलावरील एखाद्या ठरावीक बिंदूकडे पाहावे. नाटक करण्यापेक्षा एकसारखेपणा पाळणे सोपे असते.

आपल्याकडे

आपल्या राज्यात १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा आहे. महाराष्ट्रात कसिनोंना परवानगी देणारा १९७६ चा कायदा कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. गोव्यात मांडवीतील जहाजांवर परवानाधारक कसिनो आहेत व तेथे पोकरची टेबले लागतात. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. तेव्हा सुटीत गोव्याला जाऊन ‘मला माणसे ओळखता येतात’ या भरवशावर टेबलावर बसणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पोकरमध्ये प्रत्येक राशीतून घर आपला हिस्सा काढून घेते. आपल्याकडे त्याला ‘नाल’ म्हणतात. त्यामुळे सगळे सारखेच चांगले खेळले, तरी सगळे मिळून हरतातच. आणि पाहुण्याला टेबलावरील कोणाचीच नेहमीची वागणूक ठाऊक नसते. नेहमीच्या खेळाडूंना मात्र नवखा ओळखायला दहा मिनिटे पुरतात.

टेबलाबाहेर

पोकरमध्ये एक सोय आहे, जी बाहेरच्या जगात सहसा नसते. तेथे पाने कधी ना कधी उघडी पडतात आणि आपला अंदाज चुकला, हे कळते. त्याची किंमतही लगेच मोजावी लागते. मुलाखतीत घाम फुटलेल्या उमेदवाराला ‘आत्मविश्वास नाही’ म्हणून नाकारणाऱ्याला तो माणूस कामाला कसा होता, हे कधीच कळत नाही. अमेरिकेत विमानतळावरील प्रवाशांच्या हावभावांवरून संशयित हेरण्याचा एक कार्यक्रम २००७ पासून राबवला गेला. त्यावर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाल्यावर, २०१३ मध्ये तेथील सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने अहवाल दिला, की अशा खुणांवरून माणूस ओळखण्याची क्षमता नशिबाइतकी किंवा त्याहून किंचित बरी आहे. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही (आदेश १८, नियम १२) साक्ष देतानाच्या साक्षीदाराच्या वागणुकीविषयी शेरा नोंदवण्याची मुभा न्यायालयाला आहे. प्रथमच न्यायालयाची पायरी चढलेला खेडूत चाचरला, तर ते खोटेपणामुळे की दडपणामुळे, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले नसते.

पॉल एकमन यांनी या चुकीला शेक्सपिअरच्या नाटकावरून ‘ऑथेल्लोची चूक’ असे नाव दिले आहे. डेस्डेमोनाची भीती ऑथेल्लोने बरोबर ओळखली. कारण मात्र चुकीचे लावले. चांगला पोकर खेळाडू कारणाची घाई करत नाही. आधी तो माणसाचे नेहमीचे वागणे पाहतो, मग त्याच्या कृतीचा मेळ घालतो, हिशेब मांडतो आणि शेवटी हात किंवा चेहरा काय सांगतो ते विचारात घेतो. एखाद्याविषयी मत बनवण्याची वेळ येते, तेव्हा हाच क्रम आपल्यालाही पाळता येण्याजोगा आहे.